मास्तरांची दहा अंडी

माझ्या हातून आजवर एकच अक्षम्य गोष्ट घडली आहे. दिलेली भेट मी परत मागितली. तीही एका घरी जाऊन नाही, पाच घरी जाऊन. आणि त्या भेटीच्या बदल्यात शेजाऱ्यांनी दिलेली पपनसं तेव्हा माझ्या पोटात होती.

आमच्या गावात याहून किरकोळ कारणांसाठी माणसं गाव सोडून गेली आहेत. मी मात्र याच प्रकरणामुळे गावात राहिले, म्हणून ते जसं घडलं तसं सांगते.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकला की घर बंद करून मी ओसाकाला, माझ्या ग्रंथालयात परतणार होते. घरात एक बाबांचा फोटो, दोन कोंबड्या आणि एक मास्तर एवढेच जण उरले होते. मास्तर म्हणजे बाबांचा कोंबडा. आमच्या डोंगरातली ही जुनी जात दिसायला फार दांडगी नाही. तिची ख्याती दमासाठी आहे. साधा कोंबडा दोन सेकंदांत आटोपतो. हे कोंबडे पंधरा-वीस सेकंद एकच सूर लावून धरतात, मान हळूहळू मागे नेत जातात, आणि सूर संपता संपता एखादा तोल जाऊन चक्क खाली बसतो. मग इकडेतिकडे असं बघतो, की बसायचंच होतं.

बाबांनी हे घराणं चाळीस वर्षं सांभाळलं होतं. रोज सकाळी सातला ते मास्तरांच्या अंधाऱ्या पेटीचं झाकण उचलत, गळ्यातलं स्टॉपवॉच दाबत, आणि आरवणं संपलं की आकडा मोठ्यांदा भिंतीपलीकडे ओरडून सांगत. "अठरा!" पलीकडून कुसुनोसे काकूंची खिडकी उघडे. "बंद करा त्याला!" खिडकी बंद होई. हे मी शाळेत होते तेव्हापासून चाललेलं होतं.

रविवारी बाबा मला फोन करत आणि फोन मास्तरांसमोर धरत. मी माझा फोन टेबलावर ठेवून चहा गाळत असे. मग बाबा विचारत, "किती?" मी म्हणत असे, "पंधरा." कधी सोळा. ते खूश होऊन खरा आकडा सांगत. मी एकदाही मोजलं नव्हतं.

तर त्या दिवशी ओकाबायाशी आजोबा आले. हे आमच्या कोंबडा मंडळाचे अध्यक्ष, वय ब्याऐंशी, आवाज आल्यागेल्याला दरडावण्याचा. जंतुनाशकाच्या घमेल्यात बूट बुडवून ते खुराड्यापाशी गेले, मास्तरांना बगलेत घेतलं, पिसं उलटी करून पाहिली आणि मला म्हणाले, "पोरी, हा नऊ वर्षांचा आहे."

"हो. तब्येत छान आहे."

"तब्येत माझीही छान आहे. प्रश्न तो नाही. तुझ्या बापाच्या घराण्याचे बाकी सगळे कोंबडे पलीकडच्या खोऱ्यात होते. गेल्या वर्षी रोग आला तेव्हा गेले सगळे. आता हा एकटा. या वसंतात याचं एक तरी पिल्लू निघालं नाही, तर तो आवाज संपला. बीन वाजवणाराच गेला आणि बीनही गेली, असं होईल."

"मी मार्चमध्ये परत जाणार आहे, आजोबा."

"जा की. आधी अंडी गोळा कर. बाकी मी बघतो."

हिवाळाभर बाबा कोंबड्या वेगळ्या ठेवत. त्या मी मास्तरांबरोबर सोडल्या. आठवड्याने पिल्लं निघण्याजोगी अंडी मिळू लागली. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घालून, टोक खाली करून, ती मी भाताच्या तुसात ठेवत असे आणि सकाळ-संध्याकाळ कुशी बदलत असे. वाचून करता येईल अशा कुठल्याही कामात मी मागे नाही.

दरम्यान पशुआरोग्य कार्यालयातून फोन आला. आमच्याकडे घरात एक कोंबडी असली तरी वर्षातून एकदा तिची नोंद द्यावी लागते. मी फॉर्म बाबांच्या जागी माझं नाव घालून पाठवला होता.

"यासुओकासान," पलीकडून उराओका नावाचे अतिशय सौम्य गृहस्थ बोलत होते, "दोन शंका होत्या. शहामृगाचा रकाना आपण रिकामा सोडला आहे."

"आमच्याकडे शहामृग नाही."

"मग शून्य लिहायला हवं. रिकामं म्हटलं की असू शकतो, असा अर्थ होतो."

"शून्य."

"आभारी आहे. दुसरं, बदलाचं कारण म्हणून आपण 'मृत्यू' लिहिलंय. तो पक्ष्याचा की पालकाचा?"

"पालकाचा," मी म्हणाले.

फोनवर जुने कागद चाळल्याचा आवाज आला. "ते दर वर्षी शून्य लिहायचे," उराओका म्हणाले. "शहामृगापुढे. आणि कंसात लिहायचे, अजून तरी."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. गडबड मी केली ती दयेपोटी. ज्याचं सारं आयुष्य मान उंचावण्यात गेलं त्याला मान वर करता येणार नाही अशा बुटक्या पेटीत रोज कोंडायचं, हे माझ्या मनाला पटेना. मी बरंच वाचलेली बाई आहे. वाचलेल्या माणसांना दुसऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल चटकन कळवळा येतो, विशेषतः त्या गल्लीत पुढे राहायचं नसलं की. मी पेटीचं झाकण लावणं सोडून दिलं. मास्तर पहाटे पावणेचारला आरवू लागले.

पाचव्या दिवशी गल्लीची फिरती फाइल आली. ही फाइल घरोघर जाते; प्रत्येकाने वाचून शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. कचऱ्याचे नवे वार आणि नाल्याची साफसफाई यांच्या मधोमध एक ओळ होती : 'काही घरी सकाळ फार लवकर होत असल्याचं निदर्शनास आलं आहे.' नाव नव्हतं. माझ्याआधी नऊ जणांनी त्यावर शिक्का मारला होता. मीही मारला. स्वतःच्या बदनामीची पोच देण्याची इतकी सुबक पद्धत दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

समोर राहणारे निशिमोरीसान निवृत्त पोस्टमन आहेत. पत्रं वाटायची नोकरी संपली तशी ते सल्ले वाटतात.

"माफी मागायला जायचं म्हणजे समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन," ते म्हणाले. "पाच. सहावं नाही हं, सहाव्या घरी गेलीस तर सातवं रुसेल."

"मिठाईचे डबे आणते."

"मिठाई? ती माफी परगावच्या माणसाची. तुझ्या बाबांनी दर वेळी अंडी दिली. दोन-दोन. यासुओकांची माफी अंड्यांचीच असते, सगळ्यांना माहीत आहे."

आता माझ्या घरात दोन प्रकारची अंडी होती. स्वयंपाकघरातली जुनी, कोंबड्या वेगळ्या होत्या तेव्हाची, म्हणजे पिल्लाच्या दृष्टीने निरुपयोगी. आणि तुसातली ताजी, तारीख घातलेली, मास्तरांची. बरोबर दहा.

कुणीही म्हणेल, जुनी द्यायची. पण आमच्याकडे अंडं कच्चंच गरम भातावर फोडून खातात. शिळं अंडं दारात नेऊन देणं म्हणजे माफीच्या नावाखाली आणखी एक अपराध. शिवाय आपल्याकडचं सगळ्यात चांगलं असेल ते बाहेर द्यायचं आणि उरलंसुरलं आपण खायचं, हे आईने मला चालायला शिकवण्याच्या आधी शिकवलं असावं. मास्तर ठणठणीत होते. कोंबड्या उद्याही अंडी घालणार होत्या. मी तारखा हलक्या हाताने पुसल्या, दहा अंडी पाच पुड्यांत बांधली आणि पाच दारांत वाकून आले. त्याच रात्रीपासून पेटीचं झाकणही लावायला लागले.

चार घरांतून संध्याकाळच्या आत परतफेड आली. तो पपनसांचा मोसम होता. प्रत्येकी तीन या हिशेबाने बारा पपनसं माझ्या ओट्यावर बसली. कुसुनोसे काकूंकडून काहीच आलं नाही. त्यांनी पुडी घेताना एवढंच म्हटलं होतं, "बाप गेला आणि पोरीने पहाट सुरू केली."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी झाकण उचललं. मास्तर आत बसलेले होते, नेहमीसारखे, मान थोडी मागे. पण उठले नाहीत.

मी उराओकांना फोन केला, कारण कळवावं लागतं. "मृत्यू नोंदवायचा होता," मी म्हणाले. ते काही विचारायच्या आत मीच म्हणाले, "या वेळी पक्ष्याचा."

"एकच? वय?"

"नऊ."

"मग वृद्धापकाळ लिहितो," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं, यासुओकासान. हे फॉर्मवर नाही."

ओकाबायाशी आजोबा तासाभरात हजर झाले. मास्तरांना त्यांनी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "असो. अंडी आहेत ना?"

मी सांगितलं.

आजोबांनी तुसात हात घालून स्वतः खात्री करून घेतली. मग ते म्हणाले, "कोंबड्या अजून आठवडाभर त्याचीच अंडी घालतील. धीर धर." पण दोघींनी त्या दिवसापासून अंडी घालणं बंद केलं. याला शोक म्हणायचा मोह मला झाला, पण थंडी परतली होती, आणि आजोबांच्या मते थंडी हेच कारण होतं. पाच दिवस वाट पाहून ते म्हणाले, "आता एकच उपाय. परत माग."

"भेट? परत?"

"मी मागितली असती. पण मी दिली नव्हती."

तोंड उघडून 'माझी अंडी द्या' म्हणणं शक्यच नव्हतं. मी मनात एक योजना आखली : आधी हवा, मग प्रकृती, मग सहज, अंडी कशी निघाली? आणि उत्तर 'अजून फोडली नाहीत' असं आलं की जमिनीत तोंड घालायचं.

निशिमोरीसानांनी हवेपर्यंतही पोचू दिलं नाही. "अगं, काय अंडी होती! मी त्याच रात्री भात लावला. बलक असा उभा राहिला बघ, चॉपस्टिकने ढकलला तरी हलेना. बायको म्हणाली एक उद्याला ठेवा. मी म्हटलं, उद्या कुणी पाहिलाय?" मी ऐकत राहिले. बाबांच्या चाळीस वर्षांचं इतकं रसाळ वर्णन मी आधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या घरच्या तरुण जोडप्याने ती कडक उकडून डब्यात नेली होती. तिसऱ्या घरच्या आजींनी इतकी छान अंडी आपण एकट्याने काय खायची म्हणून कोची या आमच्या जिल्ह्याच्या शहरातल्या बहिणीला पाठवली होती. बहिणीने ती, बहुधा त्याच कारणासाठी, आपल्या डॉक्टरांना दिली होती. माझी माफी एव्हाना जिल्हाभर पसरली होती. चौथ्या घरी माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं परतफेड कमी पडली, आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी आणखी दोन पपनसं हातात कोंबली.

ती काखोटीला मारून मी कुसुनोसे काकूंच्या दारात उभी राहिले.

"हवा थंड आहे," मी म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. काय पाहिजे?"

"ती अंडी... म्हणजे आपण... कशी लागली?"

"कुठली? ती तोंड बंद ठेवायला दिलेली?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गल्लीभर विचारत फिरत्येस म्हणे. निशिमोरीची बायको सांगून गेली. परत हवीत?"

माझं वय सत्तेचाळीस आहे. इतकं थेट मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी कंबरेत वाकले आणि वाकलेलीच राहिले, कारण वर पाहणं त्याहून अवघड होतं. एक पपनस काखेतून निसटून त्यांच्या पायरीवरून गडगडत रस्त्यावर गेलं.

"म्हणजे मग तक्रार पुन्हा चालू करू का मी?" काकू म्हणाल्या.

"मास्तर गेले, काकू. ती अंडी त्यांची शेवटची होती."

"गेला ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पाच दिवस झाले. कान आहेत मला." मग आत वळल्या. "बूट काढ आणि ये. ते पपनस आण आधी."

आतली खोली शेकोटीवाचून गारठलेली होती. तिथे त्यांच्या यजमानांचा देव्हारा होता. ते गेले त्याला तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे दारात आलेली वस्तू आधी गेलेल्या माणसापुढे ठेवतात आणि मग जिवंत माणसं खातात. बहुतेक घरी हा कार्यक्रम घंटा वाजेपर्यंतच चालतो. काकूंकडे मात्र महिन्याच्या तिथीपर्यंत वस्तू तिथेच राहत असे. फोटोसमोर, पितळी वाटीत, माझी दोन अंडी होती. एकावर पुसलेल्या तारखेचा करडा डाग अजून दिसत होता.

"त्यांना आवडायची तुझ्या बापाची अंडी," त्या म्हणाल्या. "थांब, विचारते." त्यांनी घंटा वाजवली, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या. मला वाटतं वाटाघाटी चालू होत्या. "एक घेऊन जा म्हणतात."

माझा चेहरा पाहून त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. "बरं, दोन्ही. पण ते पपनस राहू दे इथे."

पुढचं वाचून कुणी मला हसू नये. बाबांचं अंडी उबवायचं यंत्र मी चालू केलं आणि घरातले सगळे दिवे गेले. पुन्हा केलं, पुन्हा गेले. तेव्हा निशिमोरीसानांनी, भातावर खाल्लेल्या अंड्यांच्या पश्चात्तापापोटी, सांगितलं की त्यांचं बदक आठवडाभर शेडमध्ये एका फुटक्या चहाच्या किटलीवर बसून आहे. "खुडूक झालंय. किटलीतून पिल्लू निघायची वाट बघतंय."

"बदकाखाली कोंबडीची अंडी?"

"त्याला काय कळतंय? त्याला किटलीही चालली."

पण बदक माझ्याकडे आणायचं होतं, आणि रोगाच्या मोसमात पक्षी हलवायचा तर कळवावं लागतं. उराओकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कोंबडे शून्य, कोंबड्या दोन, बदक एक," ते म्हणाले. "आणि..."

"शून्य," मी म्हणाले. "अजून तरी."

त्यांनी बहुतेक ते लिहिलं.

किटली काढून अंडी सारली तेव्हा बदकाने एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोट सैल सोडून बसलं. सातव्या दिवशी, आत जीव आहे का ते पाहायला, अंड्यांमागे टॉर्च धरायचा होता. काकू न बोलावता आल्या. "अंडी माझ्या घरातली आहेत," म्हणाल्या. टॉर्च त्यांनीच धरला. पहिलं अंडं आरपार स्वच्छ, पिवळं, रिकामं होतं. ते मी बाजूला ठेवलं. दुसऱ्यात बारीक लाल रेषा होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मधोमध एक ठिपका हलत होता.

"हे तारखेचा डाग असलेलं," काकू म्हणाल्या. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे ठिपका खरंच हलतोय की टॉर्च, याची खात्री करायला ओकाबायाशी आजोबांना बोलवावं लागलं.

एकोणपन्नासावा दिवस त्याच आठवड्यात झाला. मी ओसाकाला फोन करून रजा वाढवली. कारण विचारलं तेव्हा मी 'घरगुती' म्हणाले. बदकाखाली अंडं आहे हे ग्रंथालयाच्या फॉर्ममध्ये बसण्यासारखं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी पिल्लू निघालं. पुढचे पाच महिने एका बदकाने एका कोंबड्याला बदक करण्यासाठी घेतलेले कष्ट मी पाहिले. ते रोज त्याला नाल्यापर्यंत नेई, स्वतः पाण्यात उतरे आणि मागे वळून पाही. पिल्लू काठावर उभं राहून पायाने माती उकरे. मी इतकी वर्षं ओसाकाला राहत असताना बाबांना काय दिसत असेल, याची मला थोडी कल्पना आली. पिल्लू नर निघालं. मग गल्लीत नवी काळजी सुरू झाली : हा आरवणार की बदकासारखं बोलणार? निशिमोरीसान दुसऱ्या बाजूने पैज लावायला तयार होते. आजोबा म्हणत, "रक्तात असेल ते येईल." पण तेही येता-जाता थांबून कान देत.

रजा दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मी राजीनामा दिला. त्याला कुणी काही कारण विचारलं नाही.

सप्टेंबरात एके दिवशी सातला मी झाकण उचललं. रोजच्यासारखं स्टॉपवॉच गळ्यात होतं; ते बाबांच्या खिळ्यावर असायचं, मी सवयीने घालत असे. पोरगा बाहेर आला, पिसं झाडली, आणि मान वर करून त्याने एक फाटका, घसरलेला, अर्ध्यात भिजलेला सूर काढला. बदक नव्हतं ते. मी बटण दाबलं. सूर तुटत तुटत चालला, संपला असं वाटलं, पुन्हा उचलला. मग तो तोल जाऊन मागे बसला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

मी काट्याकडे पाहत उभी राहिले. 

पलीकडची खिडकी उघडली.

"किती?" काकूंनी विचारलं.

"साडेचार," मी ओरडले. या वेळी मोजले होते.

 मग आवाज आला, "बंद करा त्याला!" पण खिडकी काही बंद झाली नाही.